बत्ताशाची सकाळ

सातारा,
होळीनंतरचा रविवार

चि. मुक्ता हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोनवर दोन मिनिटांत विचारता आलं असतं, तरी तू कागद घेऊन बसलीस आणि शेवटी तुझ्या सशाचं, बत्ताशाचं चित्रही काढलंस (कान जरा जास्तच लांब झालेत, पण डोळ्यांतला आगाऊपणा अगदी बरोबर उतरलाय), म्हणून मीही उत्तर सावकाश, सकाळचा चहा झाल्यावर, ओसरीवर बसून लिहितो आहे. गुराढोरांच्या दवाखान्यात उमेदीची सगळी वर्षं गेलेल्या म्हाताऱ्याला नातीनं सशाबद्दल विचारावं, आणखी काय हवं! आमच्याकडे ससे क्वचितच यायचे. पण आलाच एखादा, तर मी म्हशीलाही जरा थांबायला लावायचो, कारण ससा आपलं दुखणं लपवतो आणि ते आपल्याला दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

तर तुझा प्रश्न. मैत्रीण म्हणते, त्याला सोसायटीच्या हिरवळीवर कायमचं मोकळं सोड. आई म्हणते, दाराबाहेर पाऊलसुद्धा नको, खाली बोका टपलेलाच आहे. आणि तू कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलंस की तिकडे ससे बारा महिने बागेतच राहतात. मुक्ते, यातलं कुणीच खोटं बोलत नाहीये. मला विचारशील तर बत्ताशाला बाहेर न्यावं. पण थोडा वेळ, रोजच्या ठरल्या वेळी, जाळीच्या आत, आणि तू स्वतः शेजारी बसणार असशील तरच. यातली शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची, आणि त्याबद्दल मला तुझी काळजी नाही. काळजी आहे ती एवढीच की हे पत्र वाचून तू उद्याच त्याला उचलून खाली नेशील.

आधी त्याचं कूळ ऐक. जगातले सगळे पाळीव ससे स्पेन-पोर्तुगालकडच्या एका रानसशाचे वंशज आहेत. आपल्या माळावर कधीमधी उडी मारून पळताना दिसतो तो ससा निराळा. तो बीळ करत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो, आणि त्याची पिल्लं जन्मतात तीच अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन. बत्ताशाचं घराणं मात्र बिळात राहणारं, त्यांची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली. पांढरे शुभ्र केस आणि लाल डोळे म्हणजे तुझा पठ्ठ्या बहुधा ‘न्यूझीलंड व्हाइट’ असणार (गंमत बघ, नाव न्यूझीलंडचं आणि जात घडवली अमेरिकेत). या बिळातल्या लोकांची रीत अशी की दिवस तापला की आत, आणि उजाडताना व मावळताना बाहेर. त्या दोन वेळांना ते चरतात, उकरतात, पळतात. बत्तासा चौथ्या मजल्यावर जन्मभर राहिला तरी ही रीत त्याच्या अंगात आहेच. पहाटे पिंजऱ्याची दांडी चावून तो सगळ्या घराला उठवतो म्हणून बाबा वैतागतात ना, ती त्याची कुळाची वेळ असते. बाबाला सांग, तोही लहानपणी मला असाच उठवायचा.

बाहेर जाण्याचा त्याला फायदा आहे का? आहे. उन्हामुळे अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, हाडांना आणि दातांना ते लागतं. आणि खिडकीच्या बंद काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी काही उपयोग नाही, कारण हवा तो भाग काच अडवते. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला दिवसभर चघळायचं गवत लागतं. आणि धावायला जागा मिळाली नाही तर त्याची हाडं ठिसूळ होत जातात. इंग्लंडात सशांसाठी काम करणारी एक संस्था सांगते की जोडीला निदान दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढी मोकळी जागा हवी. आकडा वाचून लगेच हिरमुसू नकोस. तुमच्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला की तेवढी जागा निघते, हे मी दिवाळीत आलो तेव्हाच डोळ्यांनी मोजलंय. घरात दिवसाचे काही तास मोकळा हिंडणारा ससा बिचारा वगैरे काही नसतो. म्हणून बाहेर नेणं जमलंच नाही तर मनाला लावून घ्यायचं नाही. बागेत एकट्या सोडलेल्या सशापेक्षा तो कितीतरी सुखी असतो.

आता उन्हाचं. तुझ्या पुस्तकातल्या सशांना बाग सोसते, कारण तिथला भर उन्हाळाही आपल्या पौषातल्या दुपारपेक्षा सौम्यच. सशाला पंधरा ते वीस अंश हवा मानवते. तिशीच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो, तिथं रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, पण हवाच तापलेली असेल तर कान तरी काय करणार! तुमच्या पुण्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. मी नोकरीत असताना एका घरातले लोक एप्रिलच्या दुपारी उन्हानं बेजार झालेला ससा दवाखान्यात घेऊन आले होते. गच्चीवर सावलीत ठेवला होता, पाणीही होतं, पण सावली सरकली आणि स्लॅब तापला. कान लालबुंद आणि गरम, तोंड उघडं टाकून धापा, हनुवटी लाळेनं ओली. असं दिसलं तर त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नसतं. सावलीत घ्यायचं, साध्या गार पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं कान ओले करायचे, आणि तसंच उठून डॉक्टरकडे. तो वाचला, पण मला अजून ते तापलेले कान हाताला आठवतात.

म्हणून वेळ एकच, पहाटेची. या दिवसांत पुण्यात पावणेसातच्या आसपास सूर्य वर येतो. तू सहाला उठलीस, तोंड धुतलंस, त्याला थोडं वाळलं गवत घातलंस आणि खाली गेलीस, तर आठाच्या आत दोघंही परत. कोवळं ऊन त्याच्या पाठीवर पडेल आणि तापायच्या आत तो फरशीवर पसरलेला असेल. तुला उठायचा कंटाळा नाही, हे मला ठाऊक आहे. नरकचतुर्दशीला तुझी आजी तेल घेऊन आली तेव्हा सगळ्या मुलांत तू एकटी जागी होतीस. शिवाय पहाटे हिरवळीवर पोरं नसतात, चेंडू नसतात, गाड्या धुणारे नळीनं पाणी उडवत नसतात. फक्त त्या पहाटेची त्याला एकदा सवय लागली की तो वाट बघतो. तेव्हा परीक्षेच्या आठवड्यात काय करायचं, हे आधीच ठरवून मग सुरू कर.

जागा बघायला घाई करू नकोस. पहिल्या आठवड्यात बत्ताशाला न नेता तू एकटीच खाली जाऊन बस. माळीकाकांना विचार, हिरवळीवर तणनाशक किंवा कीटकनाशक मारतात का आणि कधी; मारत असतील तर तो कोपरा सोड. कण्हेर, घाणेरी, रुई, धोतरा, एरंड यांच्या आसपास जायचं नाही (कण्हेरीचं एखादं पानसुद्धा वाईट, आणि सोसायट्यांना ती लावायची भारी हौस). भटकी कुत्री कुठल्या वाटेनं येतात, बोका कधी फिरतो, हेही बघ. आणि वर बघ. वर कुणी बघतच नाही! पुण्याच्या आकाशात घारी कमी नाहीत, आणि हिरव्या गवतावर पांढरा ससा त्यांना फार लांबून दिसतो. म्हणून जाळीला छप्पर हवं. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी कुत्रं फाडतं, त्यामुळे वेल्डमेश घ्यायची, आणि खालची कडा वीतभर बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवायची. त्यावर दोन विटा ठेवल्या की उकरून निसटता येत नाही. गळ्यात-पोटात बांधायचे पट्टे मिळतात, ते नकोत. ससा दचकून मागचे पाय झाडतो तेव्हा त्याचा जोर इतका असतो की स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. उचलतानाही एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली. बाजारात कान धरून लोंबकळवतात, ते बघून तू रडली होतीस, बरं केलंस.

मग न्यायचं कसं? झाकणाच्या टोपलीतून, खाली त्याचंच रोजचं फडकं घालून. टोपली जाळीच्या आत ठेवायची, झाकण उघडायचं, आणि आपण जमिनीवर बसायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, फोटोसाठी हाका मारायच्या नाहीत. परक्या घरी गेलेलं लहान मूल आईच्या पदराआडून बघतं, तसा पहिल्या दिवशी तो नुसतं नाक हलवत आतच बसेल. बसू दे. दुसऱ्या दिवशी कदाचित पुढचे पाय बाहेर येतील. आत पुठ्ठ्याचं एक खोकं दोन बाजूंनी दारं कापून ठेव, म्हणजे घाबरला तर लपायला जागा राहील. दुकानातले रंगीत बोगदे शेकडो रुपयांना मिळतात, पण बाबांच्या मिक्सरच्या खोक्याला तो कमी लेखणार नाही, वर ते कुरतडूनही बघेल. त्यानं मागचा पाय जमिनीवर धप्पकन आपटला तर समजायचं, त्याला काहीतरी खटकलंय. त्या दिवशी तिथंच पुरे. आणि एके सकाळी तो उभ्या उभ्या हवेत उडी घेईल, अंगाला मध्येच पीळ देईल आणि भलत्याच दिशेला तोंड करून खाली येईल. घाबरू नकोस, झटका वगैरे काही नाही. ससे आनंदानं तसं करतात.

हिरव्या गवताची मात्र चढती सवय. एकदम पोटभर कोवळी हरळी खाल्ली तर त्याचं पोट बिघडतं, म्हणून पहिल्या दिवशी घरीच चार काड्या, मग मूठभर. कापणीयंत्रातून निघालेला गवताचा चोथा कधीच नको, तो लगेच आंबतो. आणि लक्षात ठेव, बारा तास ससा काहीच खात नसेल तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पावसाळ्यात बाहेर जाणं बंद. ओल्या, घाणीनं माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात, त्या थेट कातडीत शिरतात. मी ते बघितलंय, तुला सविस्तर सांगत नाही. ते चार महिने बाल्कनीत जुन्या टबात अर्धा टब माती भरून दे. बीळ उकरायची त्याची हौस तिथं भागेल. फक्त बाल्कनीच्या गजांना खालून जाळी हवी, कारण डोकं गेलं की ससा जातो.

मैत्रिणीनं ‘कायमचं मोकळं सोड’ असं म्हटलंय, त्यावरून एक गोष्ट आठवली. १८५९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदारानं शिकारीची हौस म्हणून चोवीसेक ससे रानात सोडले. पुढच्या पन्नास वर्षांत ते जवळजवळ सगळ्या खंडभर झाले, पिकं आणि कुरणं फस्त करायला लागले, आणि त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियात शेकडो मैलांची कुंपणं घालावी लागली. तिथल्या क्वीन्सलंड राज्यात आजही घरी ससा पाळायला बंदी आहे. आपल्याकडे उलट होईल. तळजाईच्या टेकडीवर सोडलेला बत्तासा रात्रसुद्धा काढणार नाही. मैत्रिणीला हे रागावून सांगू नकोस. तिचं मन चांगलं आहे. एका सकाळी तिलाच खाली बोलाव, तिला कळेल.

आपल्या माळ्यावर वेल्डमेशचे चार तुकडे पडून आहेत, पूर्वीच्या वासरांच्या गोठ्याचे. नवीन घ्यायची गरज नाही. पाडव्याला बाबा येईल तेव्हा त्याच्यासोबत देतो, तोवर तू जागा बघून ठेव आणि माळीकाका काय म्हणाले ते कळव. आईला नमस्कार. धाकट्याला पापा.

तुझे,
आजोबा

ता. क. – आजी विचारते आहे, बत्ताशाला मेथी चालते का. थोडी चालते, कोथिंबीर तर त्याला फारच आवडेल. गाजर मात्र बोटाच्या पेराएवढंच, ते गोड असतं. आजी म्हणते, मग हलव्याची गाजरं उरतील, मुक्तालाच पाठव.