आकडा कुणाच्या खिशाचा?

‘15 हजारांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार’ हे वाक्य कोर्टाच्या बातम्यांत इतकं सरावाचं झालंय, की 15 हजारच का, असं कुणी विचारत नाही. रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी, एवढंच कायदा सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 440 मध्ये हेच होतं, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 484 मध्येही तेच आहे. पण अवाजवी कुणाच्या हिशेबाने? आकडा बहुधा गुन्ह्याचं कलम पाहून पडतो. आरोपीची कमाई किती, हे क्वचितच विचारलं जातं. खरं तर ही रक्कम शिक्षा नव्हे. आरोपी तारखेला यावा, यासाठीची ती हमी. बिल्डरला 15 हजार बुडाल्याचं कळणारही नाही, नाक्यावरच्या मजुराला मात्र ते उभेच करता येत नाहीत.

1978 च्या मोती राम खटल्यात हे उघडं पडलं. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तरी मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्यांनी मोती राम या गवंड्याकडे 10 हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. अखेर न्या. कृष्ण अय्यर यांनी 1 हजाराच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला.

तिढा आजही जामीनदारापाशीच आहे. ऐपतीचा दाखला, स्थानिक पत्ता, पगाराची स्लिप घेऊन उभा राहील असा माणूस बिहारहून मुंबईत आलेल्या पोराने आणायचा कुठून? (कोर्टाच्या आवारात भाड्याने मिळणारे जामीनदार याच गरजेवर जगतात, आणि त्यांच्या हमीची किंमत सगळ्यांनाच ठाऊक असते.) जामीन मिळूनही महिनाभरात मुचलका भरता आला नाही, तर अटी शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. चांगलंच आहे; पण ऐपत पहिल्याच दिवशी विचारली असती तर हा महिना वाचला असता.

त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदत त्यात ठेवली. त्याची सुटका होते, याचा आनंदच आहे. पण पैसा सरकारी तिजोरीचा असेल, तर तो बुडाल्याने आरोपीचं काय जाणार? तरीही तो तारखेला येईल असं आपण धरून चालतो. मग निव्वळ जातमुचलक्यावर त्याला सोडायला हरकत कसली होती?