उतरलेली किंमत, न उतरलेला भार

वस्तू स्वस्त झाली म्हणजे ती आपल्या आवाक्यात आली, असे आपण सहज धरून चालतो. हे धरून चालणे बरोबर आहे काय? प्रश्न बाजारातला वाटेल. पण वाचकहो, थोडे खोलात गेल्यास तो आपल्या आचरणाचा प्रश्न आहे असे दिसून येईल. एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने त्याचा विचार येथे करू.

सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ आहेत. कापडाचे दुकान, बेताचा पण सरळ व्यवहार, कोणाचे देणे नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी जर्मन मोटार घेतली. नवी असताना जिची किंमत ५५ लाखांच्या घरात होती, ती दहा वर्षे वापरलेली गाडी त्यांना ९ लाखांत मिळाली. ‘गुरुजी, नव्या साध्या गाडीच्या पैशांत राजाची गाडी दारात आली,’ असे ते मोठ्या आनंदाने मला म्हणाले. मीही त्या गाडीत बसलो. खोटे कशाला बोलू? दार लागल्याचा तो भारदस्त आवाज ऐकून मलाही क्षणभर आपण कोणी मोठे आहोत असे वाटून गेले.

अशा गाड्या आपल्याकडे आल्या कोठून? मर्सिडीझ कंपनीने १९९४ साली टेल्कोबरोबर भारतात पाऊल टाकले आणि १९९५ साली पिंपरीच्या कारखान्यातून तिची पहिली गाडी बाहेर पडली. २००७ साली बीएमडब्ल्यूने चेन्नईत कारखाना काढला, तर २००९ साली मर्सिडीझचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. ज्यांनी या गाड्या नव्या घेतल्या त्यांनी काही वर्षांनी त्या बदलल्या, आणि जुन्यांचा बाजार उभा राहिला. त्यात दिल्लीची भर पडली. तेथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मनाई केली व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे २०२५ साली न्यायालयाने त्यात काही सवलत दिली. पण मधल्या काळात कितीतरी गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत आल्या. रंग चकचकीत, कातड्याच्या बैठका जशाच्या तशा, आणि किंमत मूळच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर.

आता विचार करा. बाजार वेडा नसतो. ५५ लाखांची वस्तू तो ९ लाखांत देतो तेव्हा दान करीत नाही. पुढे त्या वस्तूवर जो खर्च व्हायचा आहे, त्याच्या भयानेच तिची किंमत उतरलेली असते. पहिल्या मालकाने नवेपणाचे आणि नावाचे पैसे मोजले, कंपनीची हमी असेपर्यंत ती वापरली, आणि हमी संपताच पुढचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. दुसऱ्याने ९ लाख दिले खरे. पण गाडीचे सुटे भाग, तिचे संगणक, तिचा कंप्रेसर यांना ही गोष्ट कोण सांगणार? ते ५५ लाखांच्याच गाडीचे राहतात. घेण्याची किंमत उतरते. राखण्याचा भार उतरत नाही.

याची दोन-तीन उदाहरणे पाहू. काही मोटार कंपन्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल ‘आयुष्यभरासाठी’ आहे, बदलण्याचे कारण नाही, असे सांगत आल्या. पण ते गिअरबॉक्स जी जर्मन कंपनी बनविते, ती झेडएफ, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलावे असे स्वतःच सांगते. मग ‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचे आयुष्य? पहिल्या मालकाच्या मालकीचे, एवढाच त्याचा अर्थ निघतो. दुसरे उदाहरण: बीएमडब्ल्यूच्या २००७ साली आलेल्या एन४७ या डिझेल इंजिनात टायमिंगची साखळी इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूस बसविलेली आहे. साखळीचा खर्च फार नाही. पण तिच्यापर्यंत पोचण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तिसरे उदाहरण विम्याचे. अपघात झाल्यास विमा आहेच, असे आपण म्हणतो. पण साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात; आणि या गाड्यांचे बंपर, दिवे यांत प्लॅस्टिकच अधिक. घसारा माफ करणारी जादा पॉलिसी गाडी जुनी झाली की बहुधा मिळत नाही.

सीमाभागाची अडचण आणखी निराळी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे कर्नाटकात पुन्हा आयुष्यभराचा कर भरा, आणि आधीच्या राज्यात भरलेल्या करातील उरलेला भाग परत मिळावा म्हणून अर्ज करीत फिरा. आमच्या गृहस्थांनी पुण्याची गाडी घेतली तेव्हा हा हिशेब त्यांना कोणी सांगितला नाही, आणि त्यांनीही विचारला नाही.

पहिले पाच महिने सुखाचे गेले. मग एका सकाळी ते बाहेर आले, तो गाडी पुढच्या अंगाने गुडघे टेकून बसलेली! या गाडीला लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. पिशवीला बारीक चीर पडली की रात्रभरात हवा निघून जाते. सकाळी किल्ली फिरवली की कंप्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा डौलाने उभी राहते. मेस्त्रीने सांगितले, ‘शेठ, पिशव्या लगेच बदला.’ खर्च ऐकून यांनी ते लांबविले. गाडी रोज उभी राहत होती ना! पण फुटक्या पिशवीत हवा भरता भरता कंप्रेसरवर ताण पडत गेला आणि तीन महिन्यांनी तोही जळाला. पिशव्या गेल्याच, वर कंप्रेसर गेला. त्यानंतर चोर्ला घाटाने गोव्याला जाताना खड्ड्यात टायर फुटला. गाडीत स्टेपनी नव्हतीच. अर्धा दिवस घाटात थांबून शेवटी क्रेन बोलवावी लागली. एकंदर दीड-दोन वर्षांत दुरुस्तीचे ४ लाख ६० हजार झाले.

पण हा झाला वहीतला खर्च. वहीत न येणारा खर्च मला अधिक मोठा वाटतो. गाडी दारात आल्यापासून वर्गणी मागायला येणारे मोठा आकडा सांगू लागले, आणि ‘नाही’ म्हणणे यांना जड जाऊ लागले. लग्नसमारंभाला गाडी नेली नाही तर लोक विचारीत, ‘विकली की काय?’ म्हणून बिघडलेली गाडीही न्यावी लागे. दुकानातील दोन नोकरांना दिवाळीला जे द्यायचे ते त्या वर्षी निम्मे दिले. पत्नीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पुढच्या महिन्यात’ करता करता आठ महिने लांबले. त्या माउलीने एक दिवस एवढेच म्हटले, ‘अहो, गाडीला स्पष्ट दिसते, मला दिसत नाही.’ हे वाक्य सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

येथे खरा प्रश्न सुरू होतो. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे घेणाऱ्याने दिलेले पैसे नव्हेत. तिच्यासाठी ज्याला ज्याला काही सोडावे लागले, त्या सर्वांच्या त्यागाची बेरीज म्हणजे तिची खरी किंमत. गाडीत बसत होते एक. पैसे मोजत होते नोकर, पत्नी आणि घरची शांती. आणि ज्यांनी मोजले त्यांना कोणी विचारले नव्हते.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपणास ठाऊक आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एक दिवस त्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. तांदूळ चोरीचे नव्हते, कोणाकडून हिसकावलेले नव्हते. वाटेत पडले होते, ते वेचले. आजच्या भाषेत बोलायचे तर पैसा न देता मिळालेला माल! तरी लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. जेथून आणले तेथे परत ठेवण्यास सांगितले. का? किती स्वस्तात मिळाले हे त्यांनी पाहिलेच नाही. आपली गरज किती, आणि या जादा तांदळाबरोबर घरात आणखी काय शिरेल, हे त्यांनी पाहिले. फुकटच्या तांदळाबाबत त्या घरात जी चौकशी झाली, ती आपण ९ लाखांच्या गाडीबाबतही करीत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मग चांगली गाडी बाळगणे पाप आहे काय?’ मुळीच नाही. त्याच गावाजवळ एक मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे वीस वर्षे जुनी जर्मन गाडी आहे. तिचे तेल वेळेवर बदलतात, दिवा लागला की त्याच दिवशी पाहतात, पैसे नसतील तर गाडी शेडमध्ये उभी करून सायकलवर जातात. यंत्रावर त्यांचे प्रेम आहे आणि त्या प्रेमाचा खर्च ते स्वतःच्या कष्टातून करतात. ती गाडी बाळगून ते कोणाला फसवीत नाहीत, स्वतःलाही नाही. तेव्हा दोष यंत्रात नाही. आपली ऐपत नसताना ती आहे असे दाखविण्यासाठी वस्तू आणली, की तो देखावा टिकविण्याचे भाडे रोज भरावे लागते.

आता या कथेचा शेवट सांगतो. या लेखाचे कारण तोच आहे. शेवटी गृहस्थांनी गाडी विकायचे ठरविले. इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता. गिअरबॉक्सचे काम निघाले होते. दलाल म्हणाला, ‘स्कॅनर लावून दिवा घालवतो. आठवडाभर तरी लागणार नाही. ६ लाख येतील.’ गिऱ्हाईकही आले: गडहिंग्लजकडचा एक तरुण, नुकतीच कंत्राटे घेऊ लागलेला. बरोबर वडील. वडिलांनी बैठकीवरून हात फिरवून पाहिला.

आदल्या रात्री गृहस्थ माझ्याकडे आले होते. म्हणाले, ‘गुरुजी, मला विकणाऱ्याने काही सांगितले नाही. मग मी का सांगू? शिवाय जुनी गाडी आहे तशी घ्यायची, हा बाजाराचा रिवाज आहे. सांगितले तर माझे दोन लाख जातात.’

मी त्यांना म्हटले, ‘ते दोन लाख आधीच गेलेले आहेत. गिअरबॉक्स झिजला तेव्हाच ते गेले. तुमच्या बोलण्याने किंवा गप्प राहण्याने ते परत येणार नाहीत. ते कोणाच्या घरातून जावेत, एवढेच उद्या ठरायचे आहे. आणि तुम्हाला कोणी फसविले म्हणून त्या पोराला फसविण्याचा हक्क तुम्हाला मिळाला, असे असेल तर त्यालाही पुढच्याला फसविण्याचा हक्क मिळेल. ही साखळी कोठेतरी तुटायला हवी की नको?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवा पुसू दिला नाही. झालेल्या कामाची बिले आणि व्हायच्या कामांची यादी, दोन्ही त्या पितापुत्रांपुढे ठेवली. तरुण हिरमुसला. वडील थोडा वेळ यादी वाचत बसले, मग हात जोडून म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही आमचे घर वाचविलेत.’ ते गेले. पुढे महिन्याने एका गॅरेजवाल्याने तीच यादी पाहून, जाणूनबुजून, ४ लाखांना गाडी घेतली.

हिशेब केला तर ९ लाख घालून, वर ४ लाख ६० हजार दुरुस्तीला देऊन, हाती ४ लाख आले. दोन वर्षांच्या मिरवण्याचे ९ लाख ६० हजार झाले; इंधन, विमा आणि कर वेगळेच. ज्या किमतीला गाडी घेतली, तिच्याहून ही रक्कम अधिक आहे! पण गृहस्थ म्हणाले, ‘गुरुजी, शेवटचे दोन लाख गेले त्याचे दुःख वाटत नाही. आधीचे गेले त्याचे वाटते.’ मला वाटते, यातच पुष्कळ आले. आधीचे पैसे खोट्याला पोसण्यात गेले. शेवटचे दोन लाख खरे बोलण्यात गेले, आणि ते त्यांनी स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या हाताने मोजले.

म्हणून, वाचकहो, स्वस्तात मिळणारी कोणतीही मोठी वस्तू घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ही वस्तू स्वस्त का झाली? तिचा उरलेला भार माझ्या कष्टातून निघेल की घरातील दुसऱ्या कोणाला सोसावा लागेल? आणि उद्या ती विकताना तिच्याविषयी सर्व काही उघड सांगण्याची माझी तयारी आहे काय? तिन्हींची उत्तरे सरळ आली तर वस्तू अवश्य घ्यावी, आनंदाने वापरावी. एकाचेही उत्तर अडखळले, तर लक्कम्मांप्रमाणे तांदूळ दारातूनच परत करावेत.

त्या गृहस्थांच्या दारात आता त्यांची जुनी स्कूटर उभी असते. पत्नीच्या डोळ्याचे ऑपरेशन मागच्या चैत्रात झाले. दुकानाचा हिशेब पुन्हा त्या स्वतः तपासू लागल्या आहेत.

शरणु शरणार्थी.