हिमरूच्या मागावर रंगीत सूत चढवण्याआधी

छत्रपती संभाजीनगर

चि. मीनल,

तपकिरी कापसाच्या सुताची हिमरू शाल विणायची ठरवलीस, वाचून फार आनंद झाला. फक्त ते सूत ताण्यात घालू नकोस. रंगीत कापसाचा तंतू पांढऱ्यापेक्षा सहसा आखूड आणि कमी ताकदीचा. ताणा मागावर सतत ओढला जातो, फणीत घासतो. धागे तुटत राहिले की विणकर कंटाळतो, आणि मग तपकिरी सुताला पुन्हा कुणी हात लावत नाही. हिमरूची जमीन सुताची, नक्षी रेशमाची. ताणा लांब धाग्याच्या पांढऱ्या कापसाचा ठेव. तपकिरी सूत जमिनीच्या बाण्यात खुशाल चालेल.

आता रंगाचं. सुपारीला तुरटपणा देणारी जी टॅनिनं, त्याच कुळातली द्रव्यं या तंतूच्या पोकळीत साठतात आणि बोंड उकलून ऊन-वारा लागला की तपकिरी होतात. सोड्याच्या पाण्यात उकळल्यावर हा रंग उतरत नाही, उलट गडद होतो. शाल विणून झाल्यावर तसं उकळता येणार नाही, कारण सोडा रेशमाला सोसत नाही. म्हणून लागणारं सगळं सूत आधीच, एकाच घाण्यात उकळून घे, म्हणजे छटा सारखी राहील. भांडं स्टीलचं घे. लोखंडाशी गाठ पडली की टॅनिन काळपटतं.

हिरव्या कापसाच्या मोहात सध्या पडू नकोस. त्याचा रंग मेणासारख्या थरांत असतो आणि उन्हात तो विटून पिवळट-तपकिरी होतो. खात्री हवी तर एका पट्टीवर अर्ध्यापर्यंत पुठ्ठा बांधून महिनाभर गच्चीवर ठेव. शाल दुकानाच्या काचेत लटकणार, हे विसरू नकोस.

बाबांच्या शेतात पेरायचा विचारही लिहिला आहेस. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं ‘वैदेही ९५’ हे तपकिरी वाण आहे. तिथल्या शास्त्रज्ञांशी आधी बोल. पण मधमाश्या पराग बांधापलीकडे नेतात. शेजारच्या पांढऱ्या कपाशीचं बी कुणी पुढे पेरलं, तर त्यात तपकिरी झाडं निघतील. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय सरकी टोचू नकोस. जिनिंगवाल्याशीही हंगामाआधीच ठरव: तुझा कापूस सगळ्यांत शेवटी लावायचा आणि त्यानंतर यंत्र झाडून घ्यायचं. त्या सफाईची मजुरी तू दे.

तुझा,
मामा