षड्ज जागेवर आहे का?

टर्नटेबल आणि टोनआर्म बदलायचं मनात आलं की पहिल्यांदा हात जातो तो किमतींच्या याद्यांकडे. आज त्या बाजूला राहू द्या. पैसे बेताचे आहेत, घाई कसलीच नाही. घरात आहे त्याच प्लेअरवर ख्यालगायनाची एक एलपी लावा. जिच्यात तानपुरा स्वच्छ ऐकू येतो अशी.

गवयाचा आवाज येईल, आलाप उलगडेल. त्याच्यामागे जाऊ नका. तानपुऱ्यापाशीच थांबा. पंचम, जोडीच्या तारा, मग खर्ज. तो षड्ज एका जागी उभा आहे, की किंचित चढतोय आणि किंचित उतरतोय? वाद्यवृंदाच्या गजरात हे हेलकावे लपून जातात. तानपुऱ्यात लपत नाहीत, कारण तिथे तोच सूर सतत कानावर येत असतो.

एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. सूर नेमका त्या ठेक्यात डोलत असेल, तर बहुधा रेकॉर्डचं भोक मध्यावर पडलेलं नाही. दुसरी रेकॉर्ड लावून पाहा. प्रत्येक रेकॉर्डवर सूर हलत असेल, तर दोष फिरवणाऱ्या यंत्रणेत आहे. बेल्टचा प्लेअर असेल तर आधी बेल्ट बदला, मोटरची पुली पुसा, थाळीच्या बेअरिंगला चालेल ते तेल घाला. मग पुन्हा ऐका. नवीन टर्नटेबलची इच्छा पुष्कळदा इथेच शमते. त्यात गैर काही नाही, वाचलेल्या पैशांत रेकॉर्डी येतात.

आता ती बाजू शेवटापर्यंत वाजू द्या, आणि मन सुईच्या प्रवासाबरोबर ठेवा. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत हा वेग जेमतेम २१ सेंटिमीटरवर येतो. फेरे तेवढेच, पण वर्तुळ लहान झालेलं. तेवढ्याच सुरांना आता निम्म्याहून कमी जागा. आणि आपल्या गाण्याचा क्रम पाहा: विलंबित कडेला, ऐसपैस जागेत, द्रुत आणि त्यातल्या ताना आत, अडचणीत. किशोरी आमोणकरांच्या भूपाची रेकॉर्ड आठवा. विलंबित आधी आणि द्रुत बंदिश नंतर, म्हणजे सगळ्यात अवघड जागी. तिथे ‘स’कार फाटतो का? तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात का?

मिसळत असतील, तरी आर्मला लगेच दोष देऊ नका. सुई झिजली असेल. नाहीतर कार्ट्रिज तिरकं बसलेलं असेल. नेहमीच्या आर्मवर कार्ट्रिज खाचेला अगदी समांतर येतं ते फक्त दोन ठिकाणी. रूढ मापानुसार ही ठिकाणं मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर असतात. कागदावर छापलेल्या प्रोट्रॅक्टरवर ती साधता येतात. एक संध्याकाळ त्यासाठी द्या.

त्यानंतर प्लेअर बंद करा. सुईवर टोपी चढवा, अँटीस्केटिंग शून्यावर आणा. मागचं वजन फिरवत आर्म अधांतरी तरंगेल असा तोला. आता त्यावर हलकी फुंकर घाला. आर्म सरकला पाहिजे, आणि कुठेही न अडखळता थांबला पाहिजे. मग हेडशेल दोन बोटांत धरून अगदी अलगद पुढे-मागे हलवा. बेअरिंगमध्ये खुळखुळ जाणवली, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. खाचेतली बारीक वळणं मायक्रॉनच्याही खाली जातात. ती वाचणारी सुई ज्याच्या आधारावर उभी आहे तोच डुगडुगत असेल, तर कितीही महाग कार्ट्रिज लावून उपयोग नाही.

आर्म बदलायचाच असं ठरलं, तर आर्म आणि कार्ट्रिजच्या जोडीच्या अनुनादाचा (रेझोनन्सचा) एक हिशेब सावकाश करा. आर्मचं परिणामी वस्तुमान आणि कार्ट्रिज व स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्या बेरजेला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचिकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ला त्याने भागा. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२चा आर्म १२ ग्रॅमचा. ऑर्टोफॉन टूएम रेड ७.२ ग्रॅमचं, कम्प्लायन्स २०. स्क्रू धरून वजन २० ग्रॅमच्या आसपास, गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर साधारण ८ हर्ट्झ. ८ ते १२ हर्ट्झ हा चांगला टापू, त्यामुळे ही जोडी काठावर जमते. याहून बरंच खाली गेलं, तर चालणाऱ्याच्या पावलांनी आणि वाकड्या रेकॉर्डीने आर्म झोके घेऊ लागतो. दोन उत्तम वस्तूंची जोडी वाईट ठरते ती अशी.

शेवटी निर्णयाकडे या. बेताच्या पैशांत टर्नटेबल एकाचं आणि आर्म दुसऱ्याचा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आर्मबोर्ड, भोकाचं अंतर, उंची यांतच पैसे जिरतात, आणि मोजमाप एका मिलिमीटरने चुकलं तरी ते कानाला कळतं. चांगला आर्म फक्त श्रीमंतांसाठी असतो, असंही नाही. इंग्लंडच्या रेगाने १९८३ साली एकसंध ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा आरबी३०० आवाक्यातल्या किमतीत आणला, तेव्हा इतर कंपन्यांनीही तो आपापल्या टर्नटेबलांवर बसवला. त्याच घराण्यातल्या आर्मसह येणारा प्लॅनर ३, किंवा नीट राखलेला जुना एसएल-१२००, यांतला एक पुरा संच घ्या. कार्ट्रिज साधं चालेल. टूएम रेडवर पुढे टूएम ब्लूची सुई नुसती ओढून बसवता येते.

जुना एसएल-१२०० पाहायला जाल, तेव्हा लक्षात ठेवा की यातले पुष्कळसे डीजेंच्या हाताखालून गेलेले असतात. वरची चकाकी पाहून भाव ठरवू नका. आर्म तोलून, दोन बोटांत धरून पाहू द्या, असं विकणाऱ्याला सांगा. तो नाही म्हणाला, तर तो प्लेअर घेऊ नका.