क्षमा आणि कुख्यातीचा व्यापार

अपराध्यास क्षमा करावी हे उपदेशी जन मान्य करतात. परंतु त्याच्या कुख्यातीवर पोट भरणाऱ्याविषयी त्यांचे मन कठोर होते. तिहार तुरुंगातून पळालेल्या चार्ल्स शोभराजला ६ एप्रिल १९८६ रोजी निरीक्षक मधुकर झेंडे यांनी गोव्यात, पर्वरीच्या 'ओ कोकेरो' उपाहारगृहात पकडले. पुढे तेथेच त्याचा पुतळा बसला आणि तो पाहावयास गिऱ्हाईक येऊ लागले. नेपाळच्या न्यायालयाने ज्यास खुनी ठरविले, त्याचाच हा पुतळा! वसई-विरारकडून गोव्यास जाणाऱ्या वासनिकाने तेथील मालकाचा द्वेष करावा काय?

क्षमा म्हणजे संमती नव्हे. मृतांच्या आप्तांच्या वतीने क्षमा देण्याचा अधिकारही त्रयस्थास नाही, ती त्यांचीच. त्रयस्थाच्या हाती केवळ स्वतःच्या अंतःकरणातील द्वेष असतो, तो त्याने टाकावा. शिवाय हा व्यापार चालतो तो पाहणाऱ्याच्या कुतूहलावर. संतापून पुतळा पाहावयास जाणाराही गिऱ्हाईकच होय.

सशाच्या लीळेत पारधी सशाच्या जिवावर उठले होते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी त्यांचा धिक्कार केला नाही; शरण आलेल्यास मरण नाही, एवढे सौम्यपणे समजाविले, आणि पारध्यांनी ससा सोडला. ससा निरपराध होता, शोभराज नव्हे. म्हणून लीळेचा आधार येथे पारध्यांपुरताच घ्यावयाचा.