नकाराचे मोल

हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती सोपविण्यापूर्वी त्या प्रकाशकाची चौकशी करावी काय, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु ज्याच्यावर आपल्या अनेक वर्षांच्या श्रमांचा भार टाकायचा, त्याच्याविषयी आधी संशय घ्यायचा, हे कित्येक सज्जनांना अप्रशस्त वाटते. प्रकाशक लहान असेल, एकहाती संस्था चालवीत असेल आणि विज्ञानकथेसारख्या मोजक्या वाचकांच्या प्रकाराला जागा देत असेल, तर कृतज्ञतेपोटी प्रश्नच विचारले जात नाहीत. तेव्हा चौकशी म्हणजे अविश्वास, की विश्वासाची पूर्वअट, हे ठरवावे लागते. आणि हा प्रश्न नीतीचा आहे.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील एक प्रसंग येथे उद्बोधक ठरावा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती जयंत विष्णु नारळीकरांची होती. बनारसमध्ये बालपण गेलेल्या या शास्त्रज्ञाने आपली आद्याक्षरे उलटी केली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव झाकल्यामुळे त्या होकाराला मोल आले.

याच्या नेमका उलट प्रसंग अमेरिकेत घडला. तेथील ‘पब्लिश अमेरिका’ या संस्थेने विज्ञानकथा आणि अद्भुतिका लिहिणाऱ्यांविषयी अनुदार उद्गार काढले होते. तेव्हा जेम्स मॅक्डोनल्ड यांच्या पुढाकाराने काही लेखकांनी मिळून ‘अटलांटा नाइट्स’ नावाची मुद्दाम भिकार कादंबरी रचली. तिच्यातील एक प्रकरण गाळलेले होते आणि एक संगणकाने जुळविलेल्या निरर्थक वाक्यांचे होते. २००४ च्या अखेरीस संस्थेने ती स्वीकारली. २००५ च्या जानेवारीत लेखकांनी हकीकत उघड केल्यावर स्वीकृती मागे घेतली. येथेही नाव खोटेच होते. परंतु परीक्षा झाली ती परीक्षकाची.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ नाही. सगळेच स्वीकारणाऱ्या प्रकाशकाचा खरा ग्राहक वाचक नसून लेखकच असतो. तो कधी उघडपणे छपाईचा खर्च मागतो, तर कधी एक पैही न मागता लेखकाला आणि त्याच्या आप्तेष्टांनाच प्रती विकतो. दोन्ही व्यवहारांत वाचक हा तिसरा घटक नाहीसा होतो, आणि वाचकावाचून पुस्तक म्हणजे केवळ बांधलेले कागद.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. दोष आहे तो लपवाछपवीत: मुद्रकाचे काम करून प्रकाशकाचा मान मिरविण्यात. निवृत्तिवेतनातून साठविलेली रक्कम कोणी जाणीवपूर्वक आपल्या पुस्तकासाठी खर्च केली, तर तो त्याचा छंद. तीच रक्कम ‘निवड झाली’ असे सांगून घेतली, तर ती फसवणूक.

म्हणून मडके वाजवून घ्यावे. त्या प्रकाशकाची दोन-तीन पुस्तके आधी विकत घेऊन वाचावी. संपादनाचा हात फिरला आहे की नाही, हे पहिल्या वीस पानांत कळते. कल्पित जगाचे नियम पहिल्या प्रकरणात एक आणि दहाव्यात दुसरे असतील, तर तेथे विज्ञानकथा वाचणारा संपादक नाही, असे समजावे. पुस्तकावर आयएसबीएन क्रमांक आहे, एवढ्याने भुलू नये. भारतात तो विनामूल्य मिळतो आणि गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. करारपत्र नीट वाचावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांची धरली जाते. आणि करारात वेगळे म्हटलेले नसेल, तर एका वर्षात न वापरलेला हक्क लेखकाकडे परत येतो. शेवटी, ज्यांची पुस्तके तेथून निघाली त्या लेखकांना विचारावे: हिशेब वेळेवर येतो का?

यात प्रकाशकाचा अपमान होतो काय? सोयरीक जमविताना दोन्ही घरे चौकशी करतात आणि सुज्ञ माणूस त्याचा राग मानीत नाही. जो मानतो, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे. मात्र चौकशीचा अधिकार एकतर्फी नाही. लहान प्रकाशक आपली पुंजी धोक्यात घालतो. त्याने प्रकाशित केलेले एकही पुस्तक न वाचता, आपले मात्र त्याने आस्थेने वाचावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

पुणे-मुंबईपासून दूर, इंदूर-बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठी लिहिणाऱ्यांना छापील अक्षराची ओढ अंमळ जास्तच असते. ‘आपली भाषा आपल्या घरात टिकली’ याची ती साक्ष असते, आणि नेमक्या याच ओढीवर पोट भरणारे लोक असतात. म्हणून ज्या संस्थेने आपल्याला कारणे देऊन एकदा परत पाठविले, तिचा पत्ता जपून ठेवावा. तिने आपले लेखन वाचले होते.