देवराईतली अंजनी : राखावी की लावावी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवराया ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या आहेत. रूढीने तिथल्या झाडाला कोयता लावायचा नाही. देवळाच्या कामाला लाकूड लागलेच, तर आधी देवाला कौल लावतात. ज्या ठिकाणाहून माणसाने काही घ्यायचे नाही, तिथे त्याने काही लावावे का, हा प्रश्न या रूढीतूनच उभा राहतो.

1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे जैविक मोल दाखवून दिले. तरीही देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी मोठे वृक्ष तेवढे राखले जातात आणि त्यांच्या सावलीतली झुडपे ‘रान’ म्हणून साफ होतात. अंजनी त्यांतलीच एक. ती सदाहरित, सावली सोसणारी, जाड चकचकीत पानांची आणि संथ वाढीची असते. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके येतात, त्यांवर मधमाश्या जमतात. पुढे पिकलेली काळसर फळे बुलबुलासारखे पक्षी खातात आणि बी दूरवर पडते.

एक मत असे, की राई देवाची आहे आणि माणूस लावेल ते स्वतःच्या आवडीचे. क्रोटन आणि बोगनवेल लावून सुशोभित केलेल्या राया पाहिल्या की हे मत पटते. दुसरे मत झाड लावण्याला सेवा मानते. ईशावास्योपनिषदाचा पहिला मंत्र सारे जग ईश्वराने व्यापलेले मानून त्यागपूर्वक भोगायला आणि लोभ टाळायला सांगतो. त्यात मनाई लोभाला आहे, कर्माला नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोकही हक्क सोडायला सांगतो तो फळावरचा.

या कसोटीवर दोन्ही मतांचा मेळ बसतो. राईत अंजनी शिल्लक असेल, तर राखणे पुरे : कोयता थांबवावा, पाचोळा झाडू नये. ती नाहीशी झाली असेल, तर जवळच्याच राईत अंजनीखाली पडलेले ताजे बी कौल घेऊन आणावे, पिशवीत रुजवावे आणि मृगाच्या पावसात रोप सावलीत लावावे. जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण इथल्या जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. म्हणून पहिले एकदोन उन्हाळे शिंपण लागते. नंतर हात काढून घ्यावा. लावणाऱ्याच्या नावाची पाटी लागली, की ती सेवा राहत नाही.